झाडं लावा, पण या उतारांवर नको

जून संपत आला की वर्तमानपत्रांत एक छायाचित्र हमखास येतं. पाहुणे, त्यांच्या हातात रोप, समोर आयता खणलेला खड्डा, बाजूला झारी धरून उभे असलेले दोघं-तिघं. मागे पोपटी गवताने भरलेला डोंगराचा उतार. आणि खाली ओळ : ‘उघड्याबोडक्या डोंगरावर वृक्षारोपण’. या छायाचित्रातला एकही माणूस वाईट हेतूने तिथे आलेला नसतो, हे आधीच सांगून टाकतो. अडचण एवढीच की डोंगर उघडाबोडका नसतो. त्यावर गवत असतं, गवतात कुणीतरी राहत असतं आणि नेमक्या त्याच आठवड्यांत त्याची घरटं बांधायची तयारी चाललेली असते.

या राहणाऱ्यांपैकी एकाला इंग्रजीत ब्रॉड-टेल्ड ग्रासबर्ड म्हणतात. आपण सोयीसाठी रुंद शेपटीचा गवतपक्षी म्हणू. चिमणीहून थोडा मोठा, वरून तांबूस तपकिरी, खालून फिकट, आणि अंगाच्या मानाने भलतीच मोठी, रुंद, काळपट शेपटी. मद्रासच्या लष्करात शल्यविशारद असलेल्या टी. सी. जर्डन यांनी एकोणिसाव्या शतकात त्याचं पहिलं शास्त्रीय वर्णन केलं. हा पक्षी पश्चिम घाटाचा. केरळ-तमिळनाडूच्या डोंगरांपासून वर महाराष्ट्रापर्यंतच्या गवताळ उतारांवर त्याची तुरळक वस्ती आहे. पुण्याजवळ सिंहगडाच्या परिसरात पावसाळ्यात तो दिसतो आणि तिथल्या पक्षीनिरीक्षकांना तो चांगला ओळखीचा आहे. आंतरराष्ट्रीय निसर्ग संवर्धन संघाच्या लाल यादीत तो ‘व्हल्नरेबल’, म्हणजे असुरक्षित, गटात आहे. पुढच्या पायरीला संकटग्रस्त म्हणतात.

वर्षातले बरेच महिने तो असून नसल्यासारखा असतो. गवताच्या बुंध्यांमधून सरपटल्यासारखा हिंडतो, उडाला तरी चार हातांवर जाऊन पुन्हा गवतात बुडी मारतो. पाऊस लागला की मात्र त्याचं सगळं वागणं पालटतं. नर उंच काडीच्या टोकावर येऊन बसतो, गातो, मग एकदम हवेत चढतो आणि शेपटीचा पंखा पसरून गात गातच खाली उतरतो. वारा, धुकं, भुरभुर पाऊस, कशाचीही पर्वा न करता हा खेळ दिवसभर चालतो. घरटं जमिनीपासून जेमतेम वर, गवताच्या ठोंबात लपवलेलं असतं. गवताच्या पात्यांचाच सैलसर गोळा, तोंड बाजूला, आत दोन-तीन अंडी. या सगळ्याला लागतं ते मांडी-कमरेइतकं गवत, मधूनमधून एखादं झुडूप किंवा कारवीचा पुंजका आणि मोकळं आकाश. झाडाशी त्याला फारसं कर्तव्य नाही. झाडांची सावली दाटली, की ती जागा त्याच्या उपयोगाची राहत नाही.

माझं म्हणणं इथून सुरू होतं. या पक्ष्याचे शत्रू कोण, असं विचारलं तर आपल्याला बिल्डर आठवतो, वणवा आठवतो, फार तर शिकारी. हे आहेतच. पण बिल्डरविरुद्ध निदान ओरडता येतं. या पक्ष्याची सर्वांत अवघड लढाई आपल्या हिरव्या हेतूंशी आहे, कारण तिथे ओरडणाराच गुन्हेगार ठरतो. झाडं लावायला विरोध? तेही पर्यावरणवाद्याचा?

आकडे पाहू. १ जुलै २०१६ ला महाराष्ट्रात दोन कोटी झाडांनी सुरुवात झाली. पुढच्या तीन वर्षांत ५० कोटी झाडं लावायचा संकल्प झाला. त्यात २०१७ साठी चार कोटी, २०१८ साठी तेरा आणि २०१९ साठी तेहेतीस कोटींचं उद्दिष्ट ठेवलं गेलं. जगली किती, हा वाद तेव्हाही झाला आणि नंतरही झाला. मला त्याहून आधीचा प्रश्न महत्त्वाचा वाटतो. लावली कुठे? एवढ्या रोपांना जागा कुठून आणायची? शेतकरी पिकाऊ रान देणार नाही. दाट जंगलात आधीच झाडं आहेत. उरतात गायरानं, माळ आणि डोंगरांचे गवताळ उतार. कलेक्टर कचेरीतल्या बैठकीत जिल्ह्याचं उद्दिष्ट वाटून देताना ज्या जागेवर बोट ठेवलं जातं, ती बहुतेक वेळा गवताची असते. कारण कागदावर तिथे काहीच नसतं.

कागदाची ही गोष्ट नीट समजून घेण्यासारखी आहे. शेतकऱ्याच्या सातबारावर डोंगराचा उतार ‘पोटखराब’, म्हणजे पिकाला निरुपयोगी जमीन, म्हणून लागतो. देशपातळीवर पडीक जमिनींचे नकाशे निघतात, त्यांत झुडपी रानं आणि चराईच्या जमिनींचे कितीतरी तुकडे ‘पडीक’ या सदरात जाऊन बसतात. भारतीय वन सर्वेक्षण संस्थेच्या व्याख्येत एक हेक्टर किंवा जास्त जागेवर दहा टक्के किंवा अधिक वृक्षछत्र असेल तर ते वनाच्छादन. मग जमीन कुणाची आहे, झाड कोणतं आहे, हे पाहिलं जात नाही. म्हणजे कोकणातली हापूसची बाग वनाच्छादनात मोजली जाऊ शकते आणि सिंहगडामागचा कमरेइतक्या गवताचा उतार मोजला जात नाही. त्यातच १९८८ च्या राष्ट्रीय वन धोरणाने देशाच्या एक तृतीयांश भूभागावर, आणि डोंगराळ प्रदेशात दोन तृतीयांश भागावर, वन किंवा वृक्षांचं आच्छादन असावं असं उद्दिष्ट घालून दिलं. हिमालयातल्या जंगलतोडीची आठवण ताजी असताना केलेलं हे धोरण मी समजू शकतो. पण तोच हिशेब सह्याद्रीच्या प्रत्येक उताराला लावला की गवत दिसेल तिथे तूट दिसायला लागते.

मग तूट भरून काढणारी यंत्रणा येते. १९८० च्या वन संवर्धन कायद्याखाली कुठेतरी खाणीसाठी, रस्त्यासाठी, धरणासाठी जंगल दिलं की दुसरीकडे भरपाई म्हणून वनीकरण करावं लागतं. त्यासाठी जमा होणाऱ्या पैशाचा कायदा २०१६ मध्ये झाला. २०२३ मध्ये हरित पतयोजना, म्हणजे ‘ग्रीन क्रेडिट’ आली. उजाड वनजमिनीवर झाडं लावा आणि बदल्यात पत मिळवा. फेब्रुवारी २०२४ मध्ये तिची जी पद्धत जाहीर झाली, तीत हेक्टरी किमान १,१०० झाडांच्या घनतेची अट होती. हेक्टरी अकराशे झाडं! सह्याद्रीच्या मुरमाड उतारावर अकराशे झाडं जगली तर ते जंगल होणार नाही, ती लागवड होईल. आणि नाही जगली तर गवतात अकराशे खड्डे मागे राहतील. दोन्ही प्रकारांत गवतपक्ष्याला जागा सोडावीच लागते.

यावर एक उत्तर नेहमी मिळतं, आणि ते झटकून टाकण्यासारखं नाही. ‘अहो, इथे पूर्वी जंगलच होतं. तोडलं म्हणून गवत माजलं. आपण फक्त पूर्वीचं परत आणतोय.’ काही उतारांबाबत हे खरं आहे. कोळशासाठी, जहाजांसाठी, रेल्वेच्या स्लीपरांसाठी घाटातलं कितीतरी लाकूड गेलं. देवराया पाहिल्या की काय गेलं याचा अंदाज येतो. जिथे मातीचा थर जाड आहे, घळ आहे, पाणी टिकतं, तिथे जंगल परत यावं आणि ते येतंही, बहुतेकदा आपण फक्त हात लावला नाही तर. पण प्रत्येक गवताळ उतार म्हणजे मेलेलं जंगल, हे मला मान्य नाही. चार महिने धो धो पाऊस, आठ महिने कोरडं, खाली काळा कातळ आणि वर वीतभर माती, अशा जागी गवत हाच तिथला जुना रहिवासी असू शकतो.

याचा एक पुरावा खुद्द हा पक्षी आहे. उंच गवताशिवाय ज्याचं पान हलत नाही, आणि जो या डोंगररांगेचा म्हणूनच ओळखला जातो, तो पक्षी दीडशे-दोनशे वर्षांपूर्वीच्या तोडीनंतर इथे घडला असं कसं म्हणायचं? प्रजाती घडायला लाखो वर्षं लागतात. तो इथे घडला, म्हणजे तेवढा काळ त्याच्या पायाखाली गवत होतं. दक्षिणेत निलगिरी डोंगरांतल्या पीट मातीतल्या, म्हणजे दलदलीत साचलेल्या कुजक्या पालापाचोळ्यातल्या, कार्बनचा अभ्यास झाला आहे. त्यातल्या सुमारे वीस हजार वर्षांच्या नोंदीत हवामानासोबत गवत आणि जंगल मागेपुढे सरकताना दिसतात. म्हणजे माणसाने कुऱ्हाड चालवण्याच्या कितीतरी आधीपासून गवत तिथे आहे. महाराष्ट्रापुरतं बोलायचं तर २०२५ मध्ये प्रसिद्ध झालेलं एक संशोधन मला फार आवडलं. संशोधकांनी जुन्या मराठी ग्रंथांतले आणि मौखिक परंपरेतले रानझाडांचे उल्लेख गोळा केले आणि ती झाडं कोणत्या प्रकारच्या रानात वाढतात ते तपासलं. तेराव्या शतकापर्यंत मागे गेलं तरी पश्चिम महाराष्ट्राचं चित्र निघतं ते मोकळ्या, काटेरी झाडांच्या, गवताळ रानाचं. हा अभ्यास मुख्यतः घाटमाथ्याच्या पूर्वेकडच्या प्रदेशाचा आहे, गवतपक्ष्याच्या उताराचा नाही, हे नमूद करायला हवं. तरीही ‘एके काळी इथे सगळीकडे घनदाट अरण्य होतं’ या आपल्या लाडक्या समजुतीला त्याने चांगलाच धक्का दिला आहे.

झाडं लावून गवताचं काय होतं, हे पाहायला भविष्यात डोकवायची गरज नाही. दक्षिणेने ते करून पाहिलं आहे. निलगिरी, पळणी, अण्णामलईच्या माथ्यांवर शोला म्हणजे घळींतली बुटकी सदाहरित जंगलं आणि त्यांच्या मधोमध पसरलेली गवताळ कुरणं असा जुना जोड होता. ब्रिटिशांना आणि त्यांच्यानंतर आपल्या वनखात्याला ही कुरणं वाया गेलेली जागा वाटली. ऑस्ट्रेलियातला वॅटल आणला, निलगिरी म्हणजे युकॅलिप्टस आणला, पाइन आणला. कातडी कमावायला टॅनिन, जळण, कागदाचा लगदा, कारणं त्या त्या वेळी पटण्यासारखी होती. पळणी डोंगरांचा उपग्रह छायाचित्रांवरून केलेला अभ्यास २०१८ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात चार दशकांत ६६ टक्के गवताळ प्रदेश नाहीसा झाल्याचं दिसलं. पश्चिम घाटाचे सगळे उंच माथे एकत्र धरले तर गवताची घट २३ टक्के निघाली. कारणांत लागवड आणि लागवडीतून पसरलेली परदेशी झाडं सर्वांत पुढे. मूळ शोला जंगल बऱ्याच अंशी टिकलं, गेलं ते गवत. निलगिरी पिपिट नावाचा आणखी एक प्रदेशनिष्ठ, म्हणजे जगात फक्त तिथेच सापडणारा, गवतातला पक्षी त्या माथ्यांवर राहतो आणि त्याचं उरलेलं घर आता असं तुकड्यातुकड्यांत वाटलं गेलं आहे. वॅटल उपटायला आज तिथे सरकारच पैसा खर्च करतं. तो उपटला तरी मातीतलं बी वर्षानुवर्षं उगवत राहतं.

आपल्याकडे वॅटलची जागा ग्लिरिसिडियाने घेतली. गिरिपुष्प म्हणा, उंदीरमारी म्हणा. मध्य अमेरिकेतलं हे झाड पटकन वाढतं, कमी पाण्यात तग धरतं आणि उन्हाळ्यात गुलाबी फुलतंही छान. पुण्याच्या टेकड्यांवर एके काळी ते भरपूर लावलं गेलं. आज त्या टेकड्यांवर फिरायला जाणाऱ्यांना ते जंगल वाटतं. सकाळी चालणाऱ्यांना सावली मिळते, हे मान्य. चंडोल आणि युवराज यांना मात्र तिथे काम उरलं नाही. गवतातल्या पक्ष्यांची ही तऱ्हा आहे. ते मरून पडलेले दिसत नाहीत. एका पावसाळ्यात गाणं ऐकू येत नाही, पुढच्या पावसाळ्यातही येत नाही, आणि ते तिथे कधी गात होते हे सांगणारा माणूसही दुसरीकडे राहायला गेलेला असतो.

समतल चरांबद्दलही, म्हणजे पाणी मुरावं म्हणून उताराला आडवे खणलेल्या चरांबद्दलही, बोलायला हवं, जरी त्याने काही मित्र नाराज होतील. त्यांचं इंग्रजी लघुरूप ‘सीसीटी’ हा शब्द महाराष्ट्राच्या खेड्यांत आता मराठीच झाला आहे. डिसेंबर २०१४ पासूनचं जलयुक्त शिवार, मग गावोगावच्या श्रमदानाच्या स्पर्धा, या सगळ्यात डोंगरांवर चर खणले गेले. दुष्काळी गावाला पाणी मिळालं असेल तर मी त्याला नावं ठेवणार नाही. पण घाटमाथ्याजवळ, जिथे पावसाळ्यात तीन-चार हजार मिलिमीटर पाऊस पडतो, तिथल्या गवताळ उतारावर जेसीबी चढवून ओळीने चर पाडण्याचं कारण काय? गवताची मुळं जिथे माती धरून बसलेली असतात तिथे आपण तीच माती उकरून बांधावर रचतो आणि त्याला मृदसंधारण म्हणतो. नगर जिल्ह्यातला उपाय मुळशीत, मावळात जसाच्या तसा उचलून नेणं हा आळस आहे. योजनेच्या मार्गदर्शक सूचनांत ‘चांगलं गवत असलेला उतार वगळा’ एवढं एक वाक्य घालायला खर्च येत नाही.

बिल्डरांचा मुद्दा मी थोडक्यात आटोपतो, कारण त्यावर लिहिणारे बरेच आहेत. एकास पाच किंवा त्याहून तीव्र उतारावर बांधकाम नको, असा नियम आहे. टेकडीफोड करून उतार आधी सौम्य करायचा आणि मग मोजायचा, ही युक्तीही जुनी आहे. पुण्यात १९९७ मध्ये समाविष्ट झालेल्या तेवीस गावांतल्या टेकड्यांवर सुमारे ९७८ हेक्टरचं जैवविविधता उद्यानाचं आरक्षण पडलं, आणि ते राहावं की जावं, जमीनमालकांना किती मोबदला द्यावा, यावर वर्षानुवर्षं घोळ चालला. या आरक्षणाच्या बाजूने मी आहे. पण आरक्षण टिकलं आणि आत महापालिकेने शोभेची झाडं, कारंजी आणि सिमेंटचे जॉगिंग ट्रॅक आणले, तर गवतपक्ष्याच्या दृष्टीने बंगल्यात आणि बागेत फरक काय राहिला? शहरातली ‘उद्यान’ म्हणजे काय याची आपली कल्पनाच गवताला प्रतिकूल आहे.

आता वणवा. इथे मी माझ्याच बाजूच्या लोकांशी थोडा भांडणार आहे. जानेवारीपासून डोंगर पेटू लागतात, समाजमाध्यमांवर आगीचे फोटो फिरतात आणि गुराख्यांना शिव्या मिळतात. दर वर्षी, अख्खा डोंगर, माथ्यापासून पायथ्यापर्यंत जळणं वाईटच. झुडपं संपतात, जुने ठोंब राख होतात, सरपटणारे प्राणी मरतात. पण गवतपक्षी घरटं करतो पावसाळ्यात. त्या वेळी आग नसते. गवताचा जीव जमिनीखाली असतो, पहिल्या पावसात तो फुटतो. आग, चराई आणि कापणी यांच्या मदतीनेच काही उतार गवताळ राहिले आहेत. ‘आग शून्य, चराई शून्य, माणूस शून्य’ असा कायमचा बंदोबस्त केला तर काही उतारांवर झुडूप माजेल, घाणेरी आणि रानमोडी ही बाहेरून आलेली तणं घुसतील, आणि पक्षी तरीही जाईल. सर्वच डोंगर एकाच वर्षी जळू नयेत, दर वर्षी काही पट्टे राखले जावेत, जुने ठोंब शिल्लक राहावेत, एवढं साधायचं आहे. जाळरेषा, म्हणजे आग अडावी म्हणून आधीच गवत काढून मोकळे केलेले पट्टे, काढून आलटूनपालटून उतार राखणं गावाला जमतं. फक्त त्यासाठी गावाला त्या गवतात रस हवा.

गवताचा धंदा ही या पक्ष्याची खरी ढाल होती, असं माझं मत आहे. जुन्या काळी कुरणं राखली जात. पेशवाईत घोडदळाच्या वैरणीसाठी सरकारी कुरणं असत. पुणे जिल्ह्यात आजही कुरण नावाची गावं आहेत. पुढे घोडदळ गेलं, पण गुरं होती, मुंबईचे तबेले होते, ठाणे-पालघरकडच्या गवताच्या वखारी होत्या. डोंगराचा मालक पावसाळाभर उतारावर गुरं सोडत नसे. गवत वाढू देई. दसरा-दिवाळीच्या सुमाराला बी पिकून गवत वाळायला लागलं की कापणी, पेंढ्या, गंजी. आता पक्ष्याचं वेळापत्रक शेजारी ठेवून पाहा. पाऊस सुरू झाला की जोडी जमते, भर पावसात घरटं, पावसाळा सरता सरता पिल्लं उडती. विळा उतारावर येतो तोवर त्याचा संसार उरकलेला असतो. हा मेळ कुणी आखून घडवला नव्हता. पण शेकडो वर्षं तो जमून आला होता आणि त्यासाठी ना अभयारण्य लागलं, ना कुंपण.

हा मेळ कसा मोडला? खेड्यांतली गुरं घटली. उरलेल्या संकरित गायींना घासगवत आणि पेंड लागते, डोंगरावरचं कुसळी गवत नको असतं. उतारावर चढून गवत कापायला मजूर मिळत नाहीत आणि मिळाले तर मजुरी गवताच्या किमतीपेक्षा जास्त होते. पोरं चाकणला, हिंजवडीला कामाला. गवत कापलं न गेल्याने काडी पेटायला तयार. आणि ज्या उताराचं वर्षाचं उत्पन्न शून्य, तो एजंट विचारायला आला की विकून मोकळं व्हायचं. यात त्या शेतकऱ्याला दोष द्यायला माझी जीभ उचलत नाही. शहरात बसून ‘डोंगर विकू नका’ सांगणं सोपं आहे. त्याच्या पोटखराबाला आपण आजवर एक रुपया देऊ केलेला नाही.

आणि इथेच पश्चिम घाटातल्या पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील क्षेत्राचा मोठा वाद माझ्या दृष्टीने अपुरा पडतो. माधव गाडगीळ यांच्या अध्यक्षतेखालच्या तज्ज्ञगटाने २०११ मध्ये अहवाल दिला. त्यातलं ग्रामसभेला अधिकार देण्याचं सूत्र कुणी फारसं वाचलं नाही, विरोध मात्र सर्वांनी केला. मग कस्तुरीरंगन यांच्या गटाने २०१३ मध्ये सौम्य अहवाल दिला. त्यावर आधारलेल्या मसुदा अधिसूचना केंद्र सरकार पुन्हा पुन्हा काढत आलं, सहावी ३१ जुलै २०२४ ला निघाली. सहा राज्यांतलं ५६,८०० चौरस किलोमीटरहून थोडं अधिक क्षेत्र त्यात आहे, त्यापैकी १७,३४० महाराष्ट्रात. अंतिम व्हावी, हे मला वाटतंच. खाणी, दगडखाणी, मोठे प्रकल्प त्याने थांबतील. पण गवतावर झाडं लावणं, चर खणणं, गवताला उत्पन्न नसणं, यांतलं काही त्या अधिसूचनेने थांबत नाही. रेषेच्या आत वृक्षारोपण झालं तर त्याचं कौतुकच होईल.

‘एका तपकिरी पक्ष्यासाठी एवढं?’ असं कुणी विचारेल. विचारावंच. ‘स्टेट ऑफ इंडियाज बर्ड्स’ हा देशभरातल्या पक्षीनिरीक्षकांच्या नोंदींवर आधारलेला अहवाल आहे. २०२३ च्या अहवालात ज्या ३३८ प्रजातींचा दीर्घकालीन कल ठरवता आला, त्यांतल्या २०४ प्रजाती घटलेल्या निघाल्या. मोकळ्या रानातले, गवतातले पक्षी त्यांत ठळक आहेत. त्याआधी २०२० च्या अहवालाने पश्चिम घाटातल्या प्रदेशनिष्ठ पक्ष्यांची मोठी घसरण दाखवली होती. गवतपक्षी या दोन्ही यादींच्या छेदावर बसला आहे. तो गवतातला आहे आणि घाटाचाही आहे. तो दुर्मीळ असला तरी मोरासारखा देखणा नाही, माळढोकासारखा भव्य नाही. त्याच्या नावाने मोहीम निघणार नाही, टपाल तिकीट बहुधा निघणार नाही. त्याचा उतार वाचला तर त्यासोबत रंगीत तित्तिर, लावे, सोनकी, तेरडा आणि कारवी वाचतात, हे खरं आहे. पण तो केवळ साधन म्हणून वाचवावा, असंही मला म्हणायचं नाही. जगातलं त्याचं सगळं घर आपल्या सहा-सात जिल्ह्यांमधल्या आणि दक्षिणेतल्या आणखी काही डोंगरांवर आहे. दुसरं कुणी ही जबाबदारी घेऊ शकत नाही, कारण दुसऱ्या कुणाकडे तो नाहीच.

पक्षीनिरीक्षकांनाही दोन शब्द सुनावतो. विणीच्या दिवसांत मोबाइलवर त्याचाच आवाज लावून नराला पुढ्यात बोलावायचं, फोटो काढायचा आणि घरट्यापर्यंत गवत तुडवून जायचं, हे बंद करा. इथे दुसऱ्या कुणाकडे बोट दाखवता येत नाही.

करायचं काय, हे फार गूढ नाही. वनविभाग आपल्या क्षेत्रांची कार्य आयोजना दहा वर्षांसाठी करतो. त्यात गवताळ उतार स्वतंत्र परिसंस्था म्हणून नोंदले जावेत आणि तिथे वृक्षलागवड, चर, दोन्हींना मनाई असावी. भरपाई वनीकरणाच्या निधीतून गवत राखण्याचाही खर्च मान्य व्हावा : जाळरेषा, घाणेरी आणि रानमोडी उपटणं, बाहेरची झाडं काढणं. २००२ च्या जैवविविधता कायद्याखाली प्रत्येक ग्रामपंचायतीत समिती आणि लोकजैवविविधता नोंदवही असायला हवी. बहुतेक ठिकाणी ती नोंदवही सल्लागाराने भरून कपाटात ठेवली आहे. गावाने ती काढून ‘हा उतार गवताचा, इथे पावसाळ्यात अमुक पक्षी वीण करतो’ एवढं त्यात लिहिलं तरी पुढच्या योजनेला निदान अडखळावं लागेल. आणि मालकी जमिनीवर गवत राखणाऱ्याला एकरी काहीतरी रक्कम मिळावी. कार्बनच्या नावाने जगात एवढा पैसा फिरतो आहे, जमिनीखाली कार्बन साठवणाऱ्या गवताला त्यातला वाटा मागायला आपण लाजतो का?

हिवरे बाजारने चराईबंदी केली आणि गवत कापून नेण्याची शिस्त लावली, त्याचा दुधाला फायदा झाला, हे महाराष्ट्राला ठाऊक आहे. तिथे चरही खणले आणि झाडंही लावली, आणि तो प्रदेश गवतपक्ष्याचा नव्हे, म्हणून ते उदाहरण मी ताणणार नाही. घ्यायचं एवढंच की गवत ही व्यवस्था लावून कमवता येणारी गोष्ट आहे. घाटमाथ्यावरच्या गावांना हे नव्याने शिकवायला नको. तिथल्या साठीपुढच्या कुणालाही विचारा, कोणत्या उतारावर पवन्यासारखं चाऱ्याचं गवत चांगलं येतं आणि कोणत्यावर नुसती कुसळ, हे ते झोपेतही सांगतील.

राहिला प्रश्न वृक्षारोपणाच्या उत्साहाचा. तो मारायची गरज नाही, वळवायचा आहे. महामार्गांसाठी वड-पिंपळ-चिंचांच्या रांगा तोडल्या गेल्या, तिथे लावा. शाळांच्या, दवाखान्यांच्या आवारांत लावा, ओढ्यांच्या काठांना लावा, औद्योगिक वसाहतींच्या सिमेंटमध्ये लावा. शहराच्या रस्त्यांवर उन्हाळ्यात सावली शोधत चालणाऱ्याला विचारा, झाड कुठे हवं ते.

आणि ज्यांना आपल्या जवळचा उतार वाचवायचा आहे, त्यांनी जुलैची वाट पाहू नये. खड्डे भर उन्हाळ्यात खणले जातात आणि जागांच्या याद्या त्याच्याही आधी ठरतात. वनपरिक्षेत्र कार्यालयात, पंचायत समितीत, महापालिकेच्या उद्यान विभागात हिवाळ्यातच जाऊन विचारायचं : यंदाची यादी कुठे आहे, त्यात कोणते सर्व्हे नंबर आहेत, आणि पावसाळ्यात तिथे कुणी जाऊन पाहिलं होतं का. लेखी विचारायचं आणि पोच घ्यायची.